शिलाबाईची डाक

कनेरगाव नाक्यावर, हिंगोलीहून वाशिमकडे जाताना डाव्या हाताला, दोन ढाब्यांच्या मधोमध एक निळं शटर आहे. त्याच्या आत शिला आडे बसते. जातीचे दाखले, पीक विम्याचे फॉर्म, आधारची दुरुस्ती, बोर्डाचा निकाल, सगळं तिच्या एका कॉम्प्युटरवर होतं. काम चोख, हात जलद, पण बाई भित्री. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. शिलाचं तोंड कधी पोळल्याचं कोणाला माहीत नाही, तरी ती पाणीसुद्धा फुंकूनच प्यायची.

शेजारच्या ढाब्याची भट्टी पेटल्याशिवाय ती शटर उचलत नसे. कोणी जरा मोठ्यानं 'ओ बाई' म्हटलं तरी तिच्या हातातला माउस टेबलावर आपटायचा. एकच फॉर्म तीनदा वाचायची, 'सबमिट' दाबताना डोळे मिटायची, आणि दाबल्यावर पहिला विचार हाच, की चुकलं असलं तर आता परत घेता येत नाही. तिचा नवरा प्रेमदास ट्रक चालवतो, महिन्यातले आठ-दहा दिवस घरी असतो. तो हसायचा. "तुझ्या जागी दुसरी आसती तर तिनं चार दुकानं टाकली आसती." त्यावर शिला म्हणायची, "एकाचंच भ्या वाटून राहिलंय, चाराचं कुठं ठेवू?"

अशा बाईनं त्रेसष्ट बायांची डाक चालवली यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. पण चालवली, आणि तीही भीतीपोटीच.

झालं असं की तिच्या सेवा केंद्रात येणाऱ्या बाया फॉर्म भरून झाला तरी निघत नसत. पोरीच्या हॉस्टेलचा अर्ज कधी सुटतो, पाळी दोन महिने चुकली तर कोणत्या डॉक्टरकडे जावं, सासू शिकू देत नाही तर काय करावं, असलं सगळं त्या खुर्चीला धरून उभ्या राहून विचारायच्या. एकीला जे ठाऊक ते दुसरीला नसायचं. शेवटी त्यांनीच धोशा लावला, "बाई, आपला एक ग्रुप काढा."

व्हॉट्सॲपचं नाव निघताच शिलानं मान हलवली. तिथं प्रत्येकीचा नंबर प्रत्येकीला दिसतो. शिवाय फोन अर्धा दिवस नवऱ्याच्या नाही तर पोराच्या हातात असतो, आणि मेसेज आला की पडद्याच्या वर टणकन उडी मारतो. मग तिनं पुण्याला बहिणीच्या मुलाला, योगेशला फोन केला. तो कॉम्प्युटरमधला इंजिनीअर. तो म्हणाला, "मावशी, फोरम काढ. आपलं स्वतःचं संकेतस्थळ. सगळ्या टोपणनावानं येतील, सगळं बोलणं एका जागी राहील, आणि कोणी भलतंच काही टाकलं तर तू मालकीण, तू खोडू शकतेस." शिलाला ते पटलं नाही. टोपणनावं आली की पासवर्ड आले, पासवर्ड आले की विसरणं आलं. आणि खोडायचा हक्क आपला म्हटल्यावर भांडणही आपल्याच दारात येणार.

हिंगोलीला कॉलेजात तिला कॉम्प्युटर शिकवलेले विश्वंभर सर आता निवृत्त आहेत. त्यांनी आपल्या तरुणपणातली न्यूजग्रुपची गोष्ट सांगितली. त्याला मालकच नसायचा. एकानं लिहिलेलं जगभरातल्या शेकडो यंत्रांवर जाऊन बसायचं आणि बंद पाडू म्हटलं तरी कोणाला पाडता यायचं नाही. सर अभिमानानं सांगत होते आणि शिलाला घाम फुटत होता. जिला मालक नाही अशा वाटेवर तर ती दिवसाही गेली नसती.

मग राहिली मेलची यादी. एक पत्ता ठरवायचा, त्याच्यावर जी काही लिहील ते तिचा पत्ता झाकून आपोआप सगळ्यांच्या मेलमध्ये जाऊन पडेल, आणि एखादीनं उत्तर दिलं तर तेही सगळ्यांना. नवा पासवर्ड नको, नवं काही शिकणं नको. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मेल कोणी उघडत नाही. दहा वर्षं खुर्चीवर बसून शिलानं हे पक्कं ओळखलं होतं. नवरे व्हॉट्सॲप तपासतात, फोटो तपासतात, कोणाचा फोन आला ते तपासतात. मेलमध्ये बँकेच्या जाहिराती असतात, त्यात कोण डोकं घालणार?

सरांनी तेव्हा एकच सांगितलं होतं. "शिला, मेल म्हणजे टपालपेटी. एकदा आत पडलं की पोस्टमनच्या पाया पडलीस तरी परत मिळत नाही." ती तेवढ्यापुरती दचकली. पण नवऱ्यांचं भय मोठं होतं, त्याच्याखाली हे लहान भय दबून गेलं.

बाया त्या यादीला 'शिलाबाईची डाक' म्हणू लागल्या. बहुतेक बंजारा तांड्यांवरच्या, थोड्या हट्टा, डोंगरकडा अशा गावांतल्या. डाकेचा पहिला नियम शिलानं स्वतः लिहिला. तांड्यावर अनोळखी माणूस आला की पाणी नंतर, आधी त्याचं गोत विचारतात. गोत कळलं की पाडा, म्हणजे गोताच्या आतली शाखा, आणि मग तांडा. एवढं झालं की समोरचा भाऊ लागतो की सोयरा ते समजतं आणि बोलणं सुरू होतं. त्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. म्हणून नियम केला, की लिहिताना आधी गोत, पाडा, तांडा सांगावा, नाव सांगितलं नाही तरी चालेल. नाव झाकलं म्हणजे बाई झाकली, असं तिला वाटलं. तेवढी हुशारी तिनं दाखवली आणि तिथंच माती खाल्ली.

दुसरी माती तिनं वहीतून खाल्ली. बायांचे मेलचे पत्ते तिनंच वेळोवेळी फॉर्मासाठी उघडून दिलेले, पासवर्डसकट प्लास्टिकचं कव्हर घातलेल्या एका वहीत लिहिलेले. त्या वहीतले बायांचे सगळे पत्ते तिनं एका बसणीत यादीत घातले. कोणाचा पत्ता कोणाच्या फोनवर चालतो, हे पाहिलं नाही. मेल कोणी उघडतच नाही म्हटल्यावर पाहायचं काय?

दोन वर्षं डाक सुरळीत चालली. मग यंदा, पाडव्याला महिना उरला असताना, एका मंगळवारी सकाळी सव्वादहाला एक पत्र आलं.

"शिलामावशी, मी माझं नाव सांगत नाही. गोत राठोड, पाडा खेतावत, तांडा बोरखडी. अकरावी सायन्सला आहे. मला सतरावं चालू आहे आणि पाडव्यानंतर माझं लगन ठरलं आहे. सोयरिकीचा गूळ खाऊन झाला आहे. माझा बारावीचा फॉर्म सुटला की भरून ठेवा, मी कसंही करून येईन. बा मारत नाही, पण मला बाचं भ्या वाटतं. तो समोर आला की माझ्या तोंडून शब्दच फुटत नाही. म्हणून तुम्हाला लिहिलं. हे कोणाला सांगू नका."

शिलानं ते वाचलं, आणि मग वर पत्ता पाहिला. पत्र तिच्या एकटीच्या नावानं नव्हतं. पोरीनं शिष्यवृत्तीच्या जुन्या मेलला 'उत्तर' दाबलं होतं, आणि ते उत्तर त्रेसष्ट जणींना गेलं होतं. कोणाला सांगू नका, हे सुद्धा त्रेसष्ट जणींना गेलं होतं.

बोरखडी तांडा बेचाळीस घरांचा. खेतावतांची घरं त्यात सहा. अकरावी सायन्सला जाणारी पोरगी एकच, रूपसिंग राठोडाची पुजा. रोज सात दहाच्या बसनं हिंगोलीला जाते, संध्याकाळी परतताना खिडकीतून शिलाला हात करते. नाव तेवढं लपवलं होतं, बाकी पोरगी उघड्यावर होती.

आणि मग तिला वही आठवली. तिनं घाईनं पान उलटलं. जमनाबाई राठोड, तांडा बोरखडी. पुजाची आजी. तिच्या हयातीच्या दाखल्यासाठी शिलानंच दोन वर्षांपूर्वी मेल उघडून दिला होता. म्हातारीकडे फोन कुठला? तो मेल मुलाच्या फोनवर घातला होता, रूपसिंगच्या. म्हणजे ज्याच्या भीतीनं पोरीनं लिहिलं, त्याच्याच खिशात तिचं पत्र या घडीला पडलं होतं.

गेल्या साली पलीकडच्या तांड्यावर एका पोरीनं लग्नाला नाही म्हटलं होतं. पाहुण्यांत बोभाटा व्हायच्या आत महिन्यावरचं लगन चार दिवसांवर आणलं गेलं आणि पाचव्या दिवशी पोरगी नांदायला गेली होती. रूपसिंगनं हे वाचलं तर पाडवा कशाला, येत्या रविवारीच मांडव पडेल. केंद्राच्या भिंतीवर लेकरांच्या मदतीचा नंबर चिकटवलेला होता. तिनंच चिकटवला होता. पण तांड्यावर सरकारी गाडी आली की ती कोणी बोलावली हे विचारलं जाईल, आणि बोट पुजाकडे जाईल. तिचा हात फोनपर्यंत गेला आणि परत आला.

काय करावं? वहीत पासवर्ड होता. आपणच जमनाबाईच्या मेलमध्ये शिरावं, ते एक पत्र खोडावं आणि बाहेर पडावं. मिनिटाचं काम. आयुष्यात पहिल्यांदा शिलानं न विचारता दुसऱ्याच्या घरात पाऊल टाकलं, तर दारातच घंटी वाजली. पडद्यावर अक्षरं उमटली, की आम्ही तुमच्या फोनवर विचारणा पाठवली आहे, फोन उघडा आणि 'होय' दाबा. तिनं खाडकन खिडकी बंद केली. पण विचारणा केव्हाच रूपसिंगच्या फोनवर पोचली होती.

दोन मिनिटांत त्याचा फोन आला. आवाज जाड आणि संथ.

"शिलाबाई, याडीच्या मेलमधी कोण घुसून राहिलं? हो का न्हाई, आसं विचारून राहिलंय."

आईला तो याडीच म्हणायचा. "न्हाई दाबा, भाऊ," शिला कशीबशी म्हणाली.

"दाबलं. पण हे काय लफडं हाय? लोक फोनमधून काय बी करून राहिलेत म्हनतेत. मी दोन वाजता याडीला घिऊनच येतो. दाखला बी करू, आन् मेल बी बघू काय हाय त्यात."

"तुमी कशाला, फोन माझ्याकडं द्या, मी बघते."

"न्हाई बाई. आता फोन कोनाच्या हातात देनार न्हाई. तुमी सांगा कुठं दाबायचं, मी दाबतो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिनं काही केलं नसतं तर त्या बाप्यानं जन्मात मेल उघडला नसता. आता तो मुद्दाम उघडायला येणार होता. दाखल्याचा ओटीपी मेलवरच येतो. मेल उघडल्याशिवाय दाखला होत नाही, आणि मेल उघडला की सगळ्यात वर ते पत्र.

सगळ्यात वर. शिला त्या दोन शब्दांवर थांबली. पत्र परत घेता येत नव्हतं, खोडता येत नव्हतं, पण खाली ढकलता येत होतं. फोनच्या पडद्यावर एका वेळी आठ-नऊ मेल दिसतात. वर चाळीस-पन्नास येऊन पडले तर कोण एवढा खाली जाईल? पण हे यादीवर लिहिलं तर तेही त्याच्याच खिशात जाणार. म्हणून तिनं फोन लावायला घेतले. फोनवर बोलायची तिला तशी धास्तीच असायची. त्या दिवशी तिनं बावीस फोन केले. प्रत्येकीला तेच सांगितलं, "दोनच्या आत डाकेवर एक मेल टाक. उत्तर दाबू नको, जुनं वर येतंय, नवा लिव. काय बी लिव, भाजी लिव, पापड लिव. आन् तुझ्या वळखीच्या दोघींना सांग." काहून, असं एकीनंही विचारलं नाही. हे तिला फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आणि त्यानं ती आणखीच घाबरली.

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी पहिला मेल आला. हट्ट्याच्या मंजुषाचा. ती शेतकऱ्याच्या घरातली, तांड्यावरची नव्हे, पण नियम पाळायची.

"मी मंजुषा. गोत-पाडा आमच्यात असा सांगत नाहीत. गाव हट्टा. लगन सोळाव्या वर्षी झालं. दहावीची परीक्षा राहिली ती राहिलीच. नववीत गणितात मला शहाऐंशी पडले होते."

शिलानं डोक्याला हात लावला. हिला भाजी लिहायला सांगितली होती, हे काय लिहून बसली? तोवर दुसरा आला. "गोत पवार, पाडा झरपला, तांडा सांगत नाही. लगन पंधराव्या वर्षी. पहिलं लेकरू आठव्या महिन्यात गेलं, मला ते दाखवलं पण नाही." मग तिसरा, मग एकदम चार. बायांनी सकाळचं पत्र वाचलं होतं. कोणाचं ते त्यांना गोतावरूनच कळलं होतं. आणि शिलानं लिहा म्हटल्यावर भाजीचा विचार एकीच्याही डोक्यात आला नव्हता. बहुतेकींनी नियमाप्रमाणे गोत, पाडा, तांडा लिहिला आणि पुढं लग्नाचं वय घातलं.

शिला पुरती गारठली. पाचोळ्यानं विस्तव झाकायला निघाली होती, आता पाचोळाही पेटला होता. आधी त्याच्या खिशात एक पत्र होतं. दीड वाजता एक्कावन्न झाली. थांबा म्हणून सांगावं तर कोणाकोणाला? तिनं शटर ओढून घरी जायचा विचार केला. खरंच केला, किल्ली हातात घेतली. पण मग दाखला दुसऱ्या केंद्रावर होईल, मेल तिथं उघडेल, आणि पुजासाठी तिथं कोणीच नसेल. ती परत खुर्चीवर बसली आणि किल्ली मुठीतच राहिली.

दोन वाजता मोटारसायकल थांबली. रूपसिंग आधी उतरला, मग त्यानं आईला हात दिला. उंच, हाडापेरानं दणकट माणूस, डोक्याला गमछा. जमनाबाई ऐंशीच्या घरात, हातात अजूनही बांगड्यांची रास, चालताना वाजणारी. म्हातारी बाकावर बसली आणि तिनं तंबाखूची डबी काढली. शिलानं तिचा अंगठा यंत्रावर घेतला. तो तीनदा उमटला नाही. चौथ्यांदा उमटला.

"ओटीपी आला आसंल," ती म्हणाली. "मेलवर. वरचाच बघा, भाऊ. फक्त वरचाच."

रूपसिंगनं फोन लांब धरला, डोळे बारीक केले. "हे काय? इतके? ...याडी, तुला कोन इतकं लिवून राहिलं?"

"जाहिराती आसतेत," शिला म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच ऐकू आला नाही.

"जाहिरात न्हाई. गोत लिवलंय." त्याचं बोट एका मेलवर पडलं. गोत वाचल्यावर तांड्यावरचा माणूस पुढं वाचल्याशिवाय राहत नाही. तो ओठ हलवत वाचू लागला आणि मधेच थांबला.

"काय म्हनून राहिलंय ते?" जमनाबाईनं विचारलं. "मोठ्यानं वाच, मला कुठं वाचाय येतंय?"

आईनं सांगितलं म्हणून तो मोठ्यानं वाचू लागला. शाळा सातवीपर्यंतची, अडखळत वाचायचा, त्यामुळे प्रत्येक शब्द सुटासुटा पडत होता. चौदाव्या वर्षी. सोळाव्या वर्षी. पिशवी काढली तेव्हा चोवीस वर्षांची होते. एक झालं की म्हातारी नुसतं "फुडं" म्हणायची आणि तो पुढचं उघडायचा. दहाव्या-बाराव्या पत्राला तो म्हणाला, "बास झालं, याडी." ती म्हणाली, "फुडं." शिला टेबलाची कड धरून बसली होती. प्रत्येक पत्राबरोबर तो एक पायरी खाली उतरत होता, आणि तळाशी कोण आहे हे तिला ठाऊक होतं.

मग जमनाबाईनं डबी बंद केली. "शिला, आता माझं लिव."

"काय लिवू, याडी?"

"बाकीच्यायनी लिवलंय तसंच. जमनाबाई. बापाचं गोत चव्हाण, पाडा पालतिया. लगन तेराव्या वर्षी. दोन लेकरं गेली. एक गाडीखाली झालं, बैलगाडी उभी करून. दुसरं चार दिस जगलं, त्याचं नाव रामू ठेवलं होतं. त्याच्यानंतर रूपसिंग."

रूपसिंगनं मान वर केली. पन्नास वर्षांत त्यानं स्वतःला थोरला लेक समजून सगळं केलं होतं. "याडी, मी पयला न्हाई?"

"तिसरा."

"मला काहून न्हाई सांगितलं?"

"तू कधी इचारलं? कोनीच इचारलं न्हाई. आज या बायायनी इचारलं."

तो फोनकडे वळला आणि बोटानं पडदा वर सरकवत राहिला, आता वाचत नव्हता, नुसता सरकवत होता. जणू किती आहेत ते पाहत होता. आणि तसा सरकवता सरकवता सकाळच्या पहिल्या पत्राशी जाऊन थांबला. शिलाला पडदा दिसत नव्हता, पण त्याचं तोंड दिसत होतं. गोत राठोड, पाडा खेतावत, तांडा बोरखडी. तो आयुष्यभर परक्या दारात उभा राहून स्वतःची जी ओळख सांगत आला, तीच समोर होती. हे पत्र त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. आईनंही या वेळी "फुडं" म्हटलं नाही.

तो उठला आणि बाहेर गेला. मोटारसायकलवर बसला, चावी लावली. इथून हिंगोली पाऊण तासावर, पुजाचं कॉलेज साडेचारला सुटतं. आपण उठावं, त्याच्या आडवं जावं, असं शिलाला वाटत होतं आणि ती खुर्चीतच बसून होती. तिला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती. "याडी, त्याला थांबवा," ती म्हणाली. म्हातारी म्हणाली, "बसू दे." गाडी सुरू झाली नाही. ट्रक येत होते, जात होते, आणि तो हँडलवर दोन्ही हात ठेवून तसाच बसून होता. वीस मिनिटं झाली असतील.

आत आला तेव्हा ओटीपीची वेळ केव्हाच संपली होती. त्यानं फोन पुढं केला, पण हातातून सोडला नाही.

"हितं लिवायचं आसंल तर कुठं दाबायचं?"

आता हा काय लिहिणार? पोरीचं नाव घेऊन त्रेसष्ट घरांत शिव्या लिहिल्या तर? दाबायचं चुकीचं ठिकाण सांगावं, असं तिच्या मनात येऊन गेलं. पण आज एकदा चोरी करून तिनं पाहिलं होतं. "हितं दाबा," ती म्हणाली. "पण भाऊ, सगळ्यांना जातंय ते. एकीला न्हाई."

"सगळ्यायला जाऊ दे." तो एकेक अक्षर शोधून टाइप करू लागला. एका ओळीला पाच मिनिटं लागली असतील, आणि तेवढ्या वेळात शिलानं मनात पुजाचं लग्न दोनदा लागलेलं पाहिलं. मग तो थांबला. "एकदा गेलं की परत घेता येतं का?"

"न्हाई येत."

"कोनालाच?"

"कोनालाच न्हाई."

"बराबर," तो म्हणाला, आणि दाबलं.

शिलाच्या कॉम्प्युटरवर खालच्या कोपऱ्यात ते उमटलं. 'रूपसिंग राठोड. पाडा खेतावत. तांडा बोरखडी. पुजाचं लगन अठरा झाल्याबिगर आन बारावी झाल्याबिगर होनार न्हाई. याडीसमोर बसून लिवलं.' शिलानं ते तीनदा वाचलं, सवयीप्रमाणे. तोवर तो आईला हात देऊन उठवत होता. "सोयऱ्याला मी सांगतो," एवढंच म्हणाला. दाखला त्या दिवशी झालाच नाही.

शिलाची भीती त्यामुळे गेली असं कोणी समजू नये. माणसाचं मन आज एक, उद्या एक. सोयरे दबाव आणतील, तांड्यावर पंच बसतील, बायांच्या मेलवर बाप्या नाचला म्हणून हसतील. पाडव्यापर्यंत ती रोज सातलाच शटर उघडून उभी राहायची. ढाब्याची भट्टी पेटायचीही वाट पाहायची नाही. सात दहाची बस जायची, खिडकीत पुजा दिसायची, आणि मगच शिला आत येऊन कॉम्प्युटर चालू करायची. एक दिवस पुजा दिसली नाही तर तिनं दुपारपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नाही. नंतर कळलं, पोरीला ताप होता.

पाडवा होऊन गेला. पुजा बसमध्ये होती. त्या आठवड्यात योगेशचा पुण्याहून फोन आला. त्याला सगळं कळलं होतं.

"मावशी, तुला त्या दिवशी केवढा ताप झाला. मी तुला फोरम करून देतो. तिथं कोणाचं काही चुकून गेलं की तू लगेच खोडू शकतेस, कोणाच्या फोनमध्ये काही राहत नाही."

शिलानं समोर पाहिलं. यादी पडद्यावर उघडीच होती.

"रूपसिंगनं लिवलेलं बी खोडता आलं आसतं का तिथं?" तिनं विचारलं.

"हो. कोणाचंही. तो स्वतःसुद्धा खोडू शकला असता."

"मग नको," शिला म्हणाली.